माझा निळा तिने नेला

मी कुंडलिकचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, टोप बोलतोय. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर एक रंगाऱ्याचं दुकान आहे, बाहेर ओल्या ओढण्या लटकलेल्या असतात, तिथला. आत आलात की शेगडीवर पूर्वी मीच दिसायचो. आता तुमची नजर आधी तिच्याकडे जाईल. जाऊ दे.

कुर्ल्याच्या एका भांडीवाल्याने मला ठोकून ठोकून गोल केलं. माझ्या जोडीचे टोप केटररकडे गेले, त्यांना बिर्याणी मिळाली. मला कुंडलिकने उचललं. तो नुकताच जालन्याहून आला होता आणि रंगकाम शिकत होता.

आमचं काम मॅचिंगचं. बाई ब्लाउजची चिंधी घेऊन येते, "भाऊ, सेम टू सेम पायजे." कुंडलिक उकळत्या पाण्यात रंगाची भुकटी चिमटीने सोडतो, मग मीठ. मीठ पडलं की रंग पाणी सोडून सुताला धरतो. आणि मग काठी. कापड सारखं फिरवत राहायचं. हात थांबला की डाग पडलाच. ओला रंग गडद दिसतो, म्हणून एक कोपरा इस्त्रीने वाळवून दारातल्या उजेडात जुळवायचा. माणसं मात्र एकमेकांना ओलं असतानाच जोखतात, हे मी फार पाहिलंय.

पण माझा खरा मान चौदा एप्रिलचा. वस्तीतल्या बायकांच्या लेझीम पथकाचे फेटे दरवर्षी माझ्यात निळे व्हायचे. मिरवणूक दारावरून गेली की मी शेगडीला ऐकवायचो, "बघ, तो निळा माझा."

मग दीप्ती आली. कुंडलिकची पोरगी. लांब परदेशात जाऊन कापडाच्या रंगांचं शास्त्र शिकली. आली ती मोरीतून वाहणाऱ्या लाल पाण्याकडे बघत उभी राहिली.

"पप्पा, हे सगळं नाल्यात जातं."

"मग काय टाकीत भरून ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तिने आईची, शांताबाईची, तांदळाची स्टीलची कोठी दुकानात आणली. त्यात झाडाची नीळ, चुना आणि गूळ घातला.

"लाडू वळतेस का गं?" शांताबाई म्हणाली. "आणि माझे तांदूळ काय पिशवीत ठेवू?"

"आई, नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. गूळ आणि चुना तिच्यातली हवा खेचून घेतात, मग ती पिवळट हिरवी होऊन विरघळते. कापड बाहेर काढलं की हवा लागून पुन्हा निळी."

त्या दिवसापासून माझ्या पोटात आग पडली. शेगडीची नव्हे. दीप्ती सकाळी आली की आधी कोठीचं झाकण उचलायची, वास घ्यायची, "कशी आहेस गं?" विचारायची. तिला गूळ भरवायची, भोवती गोधडी गुंडाळायची. मला मात्र तारेच्या घासणीने खरवडायचे. माझा वास कधी कुणी घेतला नाही.

आणि मग तिने जाहीर केलं, यंदाचे फेटे कोठीत. "ते जमलं की टोप भंगारात देऊ, पप्पा. जागा तरी होईल."

कुंडलिक म्हणाला, "आधी जमू तर दे."

म्हणजे तिचा निळा चढला की मी गेलो.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी दीप्ती फेट्यांचं कापड आणायला गेली. कुंडलिक एकटाच होता. त्याने हळूच कोठीचं झाकण काढलं. "असं निपचित पडून राहिलं तर रंग एकसारखा बसणार कसा?" असं पुटपुटला, आणि माझी काठी घेऊन तिला ढवळ ढवळ ढवळलं. प्रेमानेच. फेस आला. आतलं हिरवं पाणी बघता बघता गडद निळं झालं.

दीप्ती दारातच किंचाळली. "पप्पा! काय केलं तुम्ही? हवा गेली ना आत! वाट लागली सगळी!"

"अगं, एकसारखं व्हावं म्हणून..."

"जन्मभर काठी फिरवलीय त्यांनी," शांताबाई म्हणाली. "हात गप्प बसतो होय!"

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. माझी काठी होती ती!

"टोपातच रंगवू," कुंडलिक म्हणाला. "भुकटी आहे."

दीप्तीने कोठीत वाकून पाहिलं. मग म्हणाली, "गूळ वाढवते. पण तिला ऊब लागेल. थेट आच नको, गरम पाण्यात बसवायला हवी. एवढं मोठं काय आहे आपल्याकडे?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

कोठी माझ्या पोटात उतरवली. भोवती गरम पाणी. तिचं गार अंग मला टेकलं. वाटलं, सगळी ऊब दाबून धरावी, मरू दे हिला. पण मी जर्मनचा. जर्मनला ऊब धरून ठेवता येत नाही, ती देऊनच टाकावी लागते.

दुपारी तिच्या पाण्यावर तांबूस, चकचकीत साय धरली. खाली पिवळट हिरवं. पहिला फेटा वर आला.

"अगं बया, हा तर हिरवा!" शांताबाई ओरडली.

"थांब ना."

आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो निळा झाला. काय सांगू, माझा निळा असा कधीच नव्हता. म्हणूनच जास्त झोंबलं.

जयंतीनंतर भंगारवाला आला. दीप्तीनेच त्याला परतवून लावलं. "हा नाही मिळणार. हिला कोण सांभाळेल मग?"

ऐकलंत? हिला! माझं राहणंसुद्धा हिच्यासाठी.

आता ती रोज माझ्या पोटात बसलेली असते. लोक येतात, तिच्यात वाकून बघतात, फोटो काढतात. मला ती आवडत नाही, आवडणारही नाही. पण ती जरा गार पडू लागली की सगळ्यात आधी मला कळतं.

आत्ताही पडतेय. अरे, दुकानात कुणी आहे का? पाणी तापवा!