प्रमुख येईपर्यंत

शेळगावच्या ग्रामसुरक्षा दलाचे प्रमुख झाल्यापासून सावळारामतात्या शिट्टी गळ्यात घालूनच जेवायला बसत. गावाकडून त्यांनी तीन नियम घोटून घेतले होते. चोर घरात शिरला तर बाहेरून कडी लावा. मग सुरक्षा यंत्रणेच्या नंबरावर बोला, म्हणजे तुमचा आवाज गावातल्या प्रत्येक मोबाइलवर जाईल. आणि प्रमुख येईपर्यंत दार उघडू नका.

तात्यांना शुगर होती. पुन्हा गोड खाल्लं तर शिट्टी ठाण्यात परत द्यायची, असं त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं होतं. शिट्टी गेली तर गावात कुत्रं विचारणार नाही, ही तात्यांची पक्की समजूत.

पण कोठीच्या खोलीत बाळंतीण लेकीसाठी बांधलेले डिंकाचे लाडू होते. मंगळवारी दुपारी ठाण्यात मीटिंग आहे, असं सांगून तात्या इंदापूरला निघाले, ते गोठ्याला वळसा घालून थेट कोठीत. दुसरा लाडू तोंडात असतानाच बाहेरून कडी पडली.

थोड्या वेळानं मोबाइल वाजला. तात्यांनी घाईघाईनं कानाला लावला.

"द्वारकाबाई बोलतीय. कोठीत चोर कोंडलाय. मालक इंदापूरला गेल्यात. समद्यांनी या."

तुपाच्या हातातून मोबाइल निसटला आणि धान्याच्या पिंपामागं पडला.

काठ्या घेऊन अर्धं गाव अंगणात जमलं, पण दाराला कुणी हात लावेना. नियम म्हणजे नियम. आत तात्यांना गावाचा अभिमान वाटला आणि दरदरून घामही फुटला.

शेवटी उपप्रमुख अल्ताफनं तात्या कुठवर आलेत ते विचारायला फोन लावला. कोठीत सनई वाजू लागली. गावात ती सनई एकाच मोबाइलवर होती.

अल्ताफ अदबीनं दाराशी गेला. "तात्या, प्रमुख आल्याबिगर दार उघडायचं न्हाय, असं तुमीच सांगितलंय. आता कसं करायचं?"

आतून भरल्या तोंडानं उत्तर आलं, "प्रमुख आलाय."

द्वारकाबाईंनी कडी काढली. शिट्टी काही त्यांनी मागितली नाही, तेव्हा तात्यांना हायसं वाटलं. बाईंनी फक्त तोच नंबर पुन्हा लावला, आणि अंगणातले सगळे मोबाइल एकदम वाजले.

"चोर सापडला. त्याला शुगर हाय. गोड खाताना दिसला तर कळवा."

दुसऱ्या दिवशी गस्तीवर तात्यांना घरोघरी बिनसाखरेचा चहा मिळाला. अल्ताफच्या दुकानात त्यांनी गुळाच्या ढेपेकडं नुसतं पाहिलं, तर मागं चार शिट्ट्या वाजल्या.