राजाचं एक वाक्य राहिलं

मित्रांनो, जरा सरकून बसा. गोष्ट सांगतो, पण ती हसत संपायची न्हाई.

मी एक जुना मुकुट हाय. पुठ्ठ्याचा, वरून सोनेरी बेगड. पालमजवळच्या एका गावात चंद्रभाननं मला खळ लावून चिकटवलं आन् त्याच्या जिगरी दोस्ताच्या, किशनरावाच्या डोक्यावर ठेवलं. जत्रंच्या नाटकात किशनराव राजा. चंद्रभान पडद्यामागं वही घेऊन बसायचा, राजा आडला की हळूच वाक्य पुरवायचा.

तालमीत चंद्रभान सांगायचा, "कुणी मेलं म्हणून खेळ रडका होत न्हाई, गड्या. माणूस मोठा पायजे, मनाचा चांगला पायजे. दुश्मनानं न्हाई, त्याच्याच एका खोडीनं त्याला पाडलं पायजे. आन् ते त्याला कळलं पायजे, पण येळ गेल्यावर. मग बघणाराबी सोताला भिऊन रडतो."

आमचा राजा कानाचा हलका. चुगली ऐकून सख्ख्या भावाला हाकलतो. शेवटी भावाच्या मढ्यापाशी बसून म्हणतो, "चूक माझी, भाऊ." तिथं बाया डोळ्याला पदर लावायच्या. लय वर्षं माझा मान व्हता.

एका साली चंद्रभानचा आवाज जरा चढला. राजाच्या आधी लोकांनीच वाक्य ऐकलं. कुणीतरी वरडलं, "राजे, मागून कोण राज्य करायलंय?" समदे हसले. किशनरावाचं टाळकं सटकलं. भर खेळात म्हणला, "चंद्रभान, गप! मला समदं येतंय!"

चंद्रभाननं वही मिटली आन् घरी गेला.

शेवटच्या प्रवेशात किशनराव मढ्यापाशी बसला आन् नेमका त्याच वाक्याला आडला. मागं बघितलं, तर मोकळं स्टूल. पडदा पाडावा लागला.

त्याची बायको सुमनबाई म्हणली, "जाऊन या की त्यांच्याकडं. 'चूक माझी,' एवढंच तर बोलायचंय."

"मी? त्यानं यावं."

दोन जत्रा गेल्या. मग कळलं, चंद्रभानला लकवा मारलाय, वाचा गेलीय, परभणीच्या दवाखान्यात हाय. किशनरावानं मला पिशवीत घातलं, येष्टी धरली. खाटंपाशी उभा राहिला, पण तोंडातून शब्द निघंना. चंद्रभाननं त्याच्याकडं बघितलं. ओठ हलवले. दोनदा. किशनरावाला वाटलं, पाणी मागायलाय. दोन चमचे पाजलं आन् "येतो उद्या" म्हणून निघाला.

परतीच्या येष्टीत गंगाखेड मागं पडलं आन् गडी ताडकन उठला. "पाणी न्हाई रं! वाक्य पुरवायलता मला!"

"काका, खाली बसा," कंडक्टर म्हणला.

काका बसले न्हाईत. उतरले, उलटी गाडी धरली. खाटंपाशी चंद्रभानची बायको कस्तुराबाई एकटीच बसलेली. "गेले, भाऊजी. आत्ताच."

मग किशनरावानं वाक्य म्हणलं. एकदाबी न आडता.

आता मी माळ्यावर हाय. उंदरं बेगड कुरतडायलेत, कुरतडू द्या. मित्रांनो, तुमच्यातला कुणी दोस्ताशी बोलायचा थांबला आसंल, तर जाऊ का म्हणून मला इचारत बसू नका. उठा, त्याच्या दारात जा. बोलता न्हाई आलं तर नुसतं उभं ऱ्हावा. पण आज जा.