समोर बसायची जागा

डॉक्टरांनी लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला लावलं आणि श्वास रोखला. उघड्या झाकणाच्या पलीकडे, त्यांच्या समोर, त्यांची थोरली लेक बॅटरी धरून बसली होती.

"छातीशी धर," ते म्हणाले. "उजेड पसरू दे."

तिनं बॅटरी जवळ घेतली. हे त्यांचं खूळ ती कामाला आल्यापासूनचं. झाकणाखाली भर दुपारीही अंधार असतो हे खरं, पण बॅटरी अशी धरली की निम्मा उजेड वायाच जायचा. तिनं वाद घातला नाही. दांडा ज्याच्या हातात, रोगाचं निदान त्यानंच करायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, असा बापलेकीत नियम होता.

ते काही शिकलेले डॉक्टर नव्हते. धक्क्यावरचे बोटींचे मिस्त्री. दांडा लावून इंजिनाची छाती तपासतात म्हणून लोकांनीच पदवी देऊन टाकली होती आणि ती त्यांना शोभतही होती. डॉक्टरांनी ऐकलं म्हणजे विषय मिटला, असं धक्क्यावर सगळे म्हणायचे. थोरली कारखान्यातली नोकरी सोडून त्यांच्या हाताखाली आली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, की आता दोन जणांचे तेलकट कपडे धुवायचे म्हणजे माझी चैन आहे.

आजची बोट हेडमास्तरांची होती. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, आणि हौसेइतकीच काळजीनं चालवलेली. सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन ते पलीकडच्या काठाला जायचे. गेल्या खेपेला परतताना त्यांना इंजिनातून काहीतरी वेगळं ऐकू आलं होतं. कपात चमचा फिरवल्यासारखं, असं त्यांनी सांगितलं. आता त्यांची बायको, सून आणि दोन नातवंडं तरंगायची जाकिटं घालून धक्क्यावर ताटकळत होती. धाकट्या नातीनं आजोबांना विचारून विचारून भंडावलं होतं.

"डॉक्टर, पेशंट वाचेल ना?" सुकाणूपाशी बसलेल्या हेडमास्तरांनी विचारलं.

डॉक्टरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

गिअर न टाकता इंजिन चालवून झालं. पट्टा काढून, पाण्याचा पंप बंद ठेवून क्षणभर चालवून झालं. इंजिन आपल्या एका सुरात धडधडत होतं. पट्टा परत चढवला. मग दोर घट्ट आहेत हे पाहून त्यांनी हेडमास्तरांना गिअर टाकायला सांगितलं. बोट दोरांना ताण देत पुढं सरकली, थांबली, आणि थोरलीला तो आवाज आला.

बारीक होता. धडधडीच्या आडून येणारा, काचेसारखा. किणकिण. पाठीमागून, जिथं इंजिनाची ताकद पाण्याखालच्या पंख्याच्या शाफ्टला जोडलेली असते त्या कपलिंगकडून. लोखंडाच्या भोकात ढिला बोल्ट नाचतो तसा.

तिनं चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

कारण आज तिचं लक्ष इंजिनाइतकंच बापाकडं होतं. परवा त्यांच्याच खिशात फोन वाजत राहिला आणि ते शांतपणे पाना पुसत बसले. काल तिनं पाठीमागून दोनदा हाक मारली, ते वळले नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लग्न झाल्यापासून माझं त्यांना ऐकू येत नाही, त्यात नवीन ते काय. थोरली हसली होती, पण रात्री तिला झोप लागली नव्हती. आपल्या मनातली शंका आपल्या तोंडावर दिसेल आणि अण्णांना ती लागेल, या धास्तीनं ती सकाळपासून दगडासारखी बसली होती.

डॉक्टरांनी दांडा पुढं ठेवला, मागं ठेवला, आणखी मागं. त्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. पुन्हा दांडा हलवला. पुन्हा पाहिलं. ती बॅटरीवरच्या आपल्या हाताकडं बघत राहिली.

त्यांनी दांडा खाली घेतला.

"काही नाही. तळाला लाट आपटत असेल. घेऊन जा सर."

हेडमास्तरांनी सुस्कारा सोडला. आपल्याला तर हा सगळा गोंगाट सारखाच वाटतो, असं म्हणून त्यांनी धक्क्याकडं हात केला. नात सगळ्यांच्या आधी उडी मारून आत आली. मागून आजी तिचं जाकीट ओढत, ओरडत आली. डॉक्टर झाकण लावून धक्क्यावर उतरले आणि पुढचा दोर सोडायला वाकले.

थोरलीनं मनात हिशेब केला. जाताना काही होणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पुढं जाताना पंखा शाफ्टला आतच रेटतो. पलीकडच्या काठाला पोचल्यावर हेडमास्तर बोट थांबवायला उलटा गिअर टाकतील, तेव्हा पंखा शाफ्टला बाहेर ओढेल. उरलेले बोल्टही निघाले तर शाफ्ट मागं सरकेल, आणि तळातल्या ज्या भोकातून तो बाहेर जातो तिथून पाणी आत येईल. बोटीत म्हातारी आणि दोन पोरं.

आणि बोलावं तर धक्क्यावरचे सगळे ऐकत उभे. डॉक्टरांनी ऐकलेलं त्यांच्याच लेकीनं चारचौघांत खोटं पाडलं, की उद्यापासून त्या दांड्याची काठी झाली. घरात बसून टेकायची.

पुढचा दोर सुटला. डॉक्टर मागच्या दोराकडं निघाले.

"अण्णा."

ते वळले नाहीत. ती धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिली, त्यांच्या हातातल्या दोरावर हात ठेवून. एक शब्दही बोलली नाही. पण आता तिला तोंड सांभाळता आलं नाही. जे होतं ते सगळं तिथं आलं.

डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग दोराला परत गाठ मारली.

"सर, इंजिन बंद करा. सगळे उतरा."

"का हो? आत्ताच तर म्हणालात…"

"म्हणालो. मला नाही ऐकू आलं." त्यांनी लेकीकडं बोट केलं. "हिला आलंय."

धक्क्यावर कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

मागची फळी उचलली. डॉक्टरांनी पालथं पडून कपलिंगभोवती हात फिरवला. एका भोकात त्यांचं बोट आरपार गेलं. तिथला बोल्ट तळाच्या तेलकट पाण्यात पडलेला सापडला. बाकीचे हातानंच फिरत होते. त्यांनी तो बोल्ट हेडमास्तरांच्या तळहातावर ठेवला आणि उलट्या गिअरला काय झालं असतं ते थोडक्यात सांगितलं. हेडमास्तरांनी नातीला उगाचच जवळ ओढून घेतलं.

नवे बोल्ट बसवून, आवळून, उलटा गिअर टाकून बघेपर्यंत उन्हं कलली. ती मंडळी त्या दिवशी गेली नाहीत.

दोघं धक्क्याच्या कडेला हात धूत बसली. डॉक्टर नखांतलं ग्रीस काढत होते.

"आज चेहरा असा बंद करून का बसली होतीस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "मला त्यावर काही दिसेना."

थोरलीचा पाण्यातला हात तसाच राहिला. शेजारी ठेवलेल्या बॅटरीकडं तिनं पाहिलं. छातीशी धर. उजेड पसरू दे.

"कधीपासून, अण्णा?"

"तू यायच्या आधीपासून. तू आलीस म्हणून चाललं."

तिनं हात झटकले. आईला सांगू का, असं तिनं विचारलं. तिला माहीत आहे, ते म्हणाले, ती उगाच का चेष्टा करते.

तेवढ्यात पलीकडच्या बोटीवरून कोळ्यानं हाक दिली. त्याच्या इंजिनाला सकाळपासून खोकला लागला होता. डॉक्टरांनी ती हाक तिच्या मान वळवण्यावरून ओळखली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

त्या बोटीचं झाकण त्यांनीच उचललं. दांडा तिच्या हातात दिला. बॅटरी घेतली आणि समोरच्या, तिच्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले.

"उजेड कुठं पाडू?" त्यांनी विचारलं.

तिनं दांड्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं. मग दांडा कानामागं लावून तिनं मान खाली घातली.

"इंजिनावर," ती म्हणाली. आणि मग आठवून, तेच पुन्हा, मोठ्यानं.