ओंजळीतला ग्लास

दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही, माझा नेमच आहे. घरात सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की माझा धाकटा भाऊ नेमका सकाळीच माझ्याकडे सल्ला मागायला येतो. "ताई, पटतंय ना?" असं विचारतो, आणि मी गप्प राहिले की "पटलं" म्हणून चालायला लागतो.

आदल्या दिवशीही तो असाच आला होता. "मोठा माणूस येणार, त्याच्यापुढे कोमट काहीतरी ठेवायचं म्हणजे बरं दिसत नाही. पटतंय ना?" म्हणाला. कोण माणूस, काय ठेवायचं, मला काही उमगलं नाही. मी वात वळत होते. तो किल्ल्यांचा जुडगा वाजवत निघून गेला.

भाऊ बिअरच्या लहानशा कारखान्यात फाटकावर असतो. माझी लेकही तिथेच बाटल्या धुवायला लागली आणि धुता धुता बिअर करायला शिकली. मालकीणबाईंनी अखेर तिला एक टाकी दिली. त्या टाकीत लेकीने इंग्लिश पेल एल केली. तांबूस रंगाची, कमी फेसाची, तळघराच्या गारव्यात मुरणारी ही बिअर. अट साधी होती. चव तपासणारे साहेब 'पास' म्हणाले तर लेक कारखान्याची मुख्य, नाहीतर टाकी रिकामी करायची आणि परत बाटल्यांच्या हौदापाशी उभं राहायचं.

"आई, तू नुसती येऊन बस," लेक म्हणाली. "तू समोर असलीस की मला धीर येतो."

मी आयुष्यात कधी बिअर चाखलेली नाही, चाखणारही नाही. पण लेकीने बस म्हटल्यावर बसायला काय हरकत होती? मी गेले.

तपासायची खोली तळघराला लागून होती. दगडी भिंती, एक उंच खिडकी आणि टेबलावर रंग नीट दिसावा म्हणून अंथरलेला पांढरा कागद. साहेब उंच, हडकुळे, गळ्याला मफलर गुंडाळलेले. मागच्या खेपेला त्यांनी स्वतः तीन बाटल्यांवर लाखेची मोहर लावून ठेवली होती. त्यांचा नियमच तसा. मोहर असलेल्या बाटलीतलंच चाखायचं, कारखानदारांनी कितीही आग्रह केला तरी दुसरं नाही.

बाटली उघडली. त्यांनी ग्लास तिरका धरून हळूच ओतलं, कागदासमोर धरलं आणि भुवया वर गेल्या.

"गढूळ आहे."

लेकीने ओठ आवळले. साहेबांनी नाक ग्लासात घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. "वास तर काहीच नाही." मग त्यांचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. काचेवर दव धरलं होतं. "या बाटल्या कुठे होत्या?"

"बर्फाच्या कपाटात," दारातून माझा भाऊ म्हणाला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "तिन्ही. कालपासून ठेवल्यात. म्हटलं, साहेब उन्हातून येणार."

"मामा," लेक एवढंच म्हणाली.

"काय झालं? मी ताईला विचारूनच ठेवल्या."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

साहेब मात्र चिडले नाहीत. "एल फार थंड झाली की तोंड मिटून बसते. वास देत नाही, चव देत नाही, वर गढूळही होते. हा गढूळपणा थंडीचा असेल तर ऊब लागल्यावर जाईल. कामातल्या चुकीचा असेल तर नाही जाणार. पण या खोलीत ती आपोआप कधी उबदार व्हायची? मला गाडी गाठायची आहे. 'तपासता आली नाही' असं लिहितो."

"तसं लिहिलंत तर माझ्या लेखी ते नापासच," मालकीणबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, पण हिशोबाला पक्क्या. "मला टाकी अडवून ठेवता येणार नाही."

"गरम पाण्यात ग्लास ठेवला तर?" लेकीने विचारलं.

"वायू उडून जाईल. मग मी काय पाणी तपासू? ऊब हळूहळू यायला हवी. हाताची चालेल."

"मग धरा की हातात," मालकीणबाई म्हणाल्या.

साहेबांनी आपला तळवा त्यांच्या मनगटाला लावला. त्या दचकल्या. "हे असे हात," साहेब म्हणाले. "बायको म्हणते, बेडकाशी लग्न केलं."

"मी धरते," लेक पुढे झाली.

"जिने केली तिने ग्लासाला शिवायचं नाही. आणि तुमच्या हातांना हॉप्सच्या कडू फुलांचा वास आहे, तो इथपर्यंत येतोय."

मालकीणबाईंनी स्वतःचे हात हुंगले आणि मागे घेतले. गुलाबाचं क्रीम. भावाने तर विचारायच्या आधीच हात खिशात घातले, कारण त्यातून तंबाखू दरवळत होती.

माझे हात मांडीवर होते. बारा वाजेपर्यंत मी ना साबण लावत, ना तेल, ना चुलीशी जात. पहाटे साध्या पाण्याने धुतलेले हात, दुसरं काही नाही. दारू प्यायची नाही हा माझा नेम आहे. दारूचा ग्लास हातात धरायचा की नाही, हे मी नेम घेताना देवाला विचारलं नव्हतं, आणि त्यानेही आपणहून काही सांगितलं नव्हतं. आता विचारत बसायला वेळ नव्हता. मी उठले, टेबलापाशी गेले आणि ग्लास दोन्ही तळव्यांत घेतला.

साहेबांनी वाकून माझ्या हातांचा वास घेतला. "चालेल," म्हणाले. "हलवू नका, बाई."

काच आधी चावली. मग बोटं बधिर झाली. मी रोज जसं मनातल्या मनात देवाचं नाव घेते तसं घेत राहिले. सगळे ग्लासाकडे बघत होते. माझा भाऊसुद्धा, किल्ल्या न वाजवता.

ग्लासातलं धुकं आधी कडेने विरलं. मग मधोमध फाटलं. खिडकीचा उजेड आरपार आला आणि पांढऱ्या कागदावर तांब्याच्या रंगाचा डाग उमटला. तोवर वासही वर आला. संत्र्याची साल, वाळलेलं गवत, आणि त्याखाली भट्टीतून नुकत्याच निघालेल्या बिस्किटांसारखं काहीतरी. लेकीच्या केसांना इतके महिने हाच वास येत होता. घरी आल्यावर मी तिला न्हायला पाठवायचे.

साहेबांनी ग्लास घेतला. बघितलं. हुंगलं. घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"गिळलं," भाऊ कुजबुजला. "म्हणजे आवडलं."

"गिळावंच लागतं," मालकीणबाईंनी त्याला दटावलं. "कडूपणा घशाशी कळतो."

"छान कळला," साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "आधी जवाच्या माल्टचा गोडवा, मग कडू, आणि दोघांत भांडण नाही. शेवट कोरडा. जिभेवर काही रेंगाळत नाही, म्हणून पुन्हा घ्यावीशी वाटते. फेस जरा लवकर बसला, तेवढं बघा." त्यांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिलं. "इतकी नीट पेल एल मी बऱ्याच दिवसांत चाखली नाही. पास. आणि नुसतं पास लिहिणार नाही, चार ओळी लिहिणार."

लेकीने हातातलं फडकं उगाचच चार घड्या घालून टेबलावर ठेवलं, आणि मग माझे गारठलेले हात स्वतःच्या गालांना लावून धरले.

साहेब बसले आणि उरलेला ग्लास सावकाश संपवू लागले.

"साहेब, गाडी?" भावाने आठवण करून दिली.

"दुसरी असते," साहेब म्हणाले.

मालकीणबाईंनी भावापुढे हात केला. त्याने जुडग्यातून टाकीघराची किल्ली काढून दिली, आणि ती त्यांनी लेकीच्या तळहातावर ठेवली. "बाटल्यांच्या हौदावर आता दुसरं कुणी बघू," म्हणाल्या. "त्याला शिकवायचं तूच."

बाहेर बाराचा भोंगा झाला.

भाऊ हातातल्या जुडग्याकडे बघत होता. त्याने आणखी एक किल्ली सोडवली आणि ओशाळून माझ्याकडे वळला. "ताई, बर्फाच्या कपाटाचीपण हिलाच देऊन टाकतो. पटतंय ना?"

तो सवयीने निघालाच होता.

"पटतंय," मी म्हणाले.