छागलीतले पाणी

मी एक जुनी शर्यतीची मोटार आहे. हसू नका, मित्रांनो. आज सातपुड्याच्या पायथ्याच्या खापर गावी बाजारामागे माझ्या टपावर कोंबड्या बसतात, हे खरे. पण एके काळी माझ्या दारावर आकडा रंगवलेला होता आणि मला पाहायला गावेच्या गावे रस्त्यावर येत.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. देशोदेशीच्या मोटारी लांब पल्ल्याच्या शर्यतीत सुसाट धावत आणि आमच्या कंपनीच्या मोटारी चढ आला की तापून बंद पडत. कारण सगळ्यांना ठाऊक होते. आमचा रेडिएटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची पेटी, फार लहान होता. मोठा बसवायचा तर नाक रुंद करावे लागले असते, आणि मालकांना माझे निमुळते नाक फार आवडे. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तशी गत.

सन चौसष्टच्या हिवाळ्यात शर्यत नंदुरबारवरून सातपुड्यात चढणार होती. आमचा मिस्त्री सुरतेलाच तापाने पडला. तेव्हा मला चालवणाऱ्या साहेबांनी नंदुरबारात ट्रक दुरुस्त करणाऱ्या भिला नावाच्या माणसाला सोबत घेतले. शर्यत पुरी झाली तर मुंबईच्या कारखान्यात कायमची नोकरी, असा शब्द दिला. भिलाची बायको जसोदाबाई मिरचीच्या पथारीवर कामाला होती. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचे उघडे रान. देठ खुडून तिच्या बोटांची आग आग होई. तिला त्यातून सोडवायचे, एवढेच भिलाच्या मनात होते.

गाव सुटते न सुटते तोच एक दगड उडाला आणि माझ्या पेटीला भोक पडले. समोरच जसोदाबाईची पथारी होती. त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर लहान भोक बुजवायला पाण्यात हळद टाकत. ती फुगून बसते. पण त्या लालभडक रानात हळद कुठली? भिलाला वाटले, हळद फुगते तर मिरची का फुगणार नाही? जसोदाबाईने पोत्याच्या तळातला चुरा ओंजळीने आणून दिला. गळती थांबली. साहेबांनी भिलाची पाठ थोपटली, जसोदाबाई पदराआड हसली. मलाही फार बरे वाटले.

डोंगरातल्या काठी गावाकडच्या चढावर त्या चुऱ्याने माझ्या नळ्या तुंबल्या. पाणी फिरेना. मी आतून उकळू लागले. साहेबांनी गाडी थांबवून भिलाला पेटीचे झाकण उघडायला सांगितले.

"साहेब, थोडं थंडं व्हऊ द्या," भिला म्हणाला. "आते उघाडं ते वाफ तोंडवर यी."

"नोकरी हवी ना तुला?" साहेबांनी घड्याळ पाहत विचारले.

भिलाने हाताला गोणपाट गुंडाळले आणि झाकण फिरवले. माझ्या पोटातले उकळते तिखट पाणी त्याच्या डोळ्यांत उडाले. तो मातीत गडबडा लोळू लागला. मला ओरडता येत असते, तर मी ओरडले असते.

माझ्या पुढच्या बाजूला छागल, म्हणजे पाण्याची जाड कापडी पिशवी, टांगलेली होती. तेवढेच पाणी आमच्याजवळ होते.

"साहेब, पानी. मन्हा डोयामा पानी टाका."

"ते गाडीला लागेल," साहेब म्हणाले.

त्यांनी छागल माझ्यात रिकामी केली, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. मी ते पाणी प्यायले. मागून माणसे येतील, असे भिलाला सांगून साहेबांनी मला पुढे हाकले. माणसे आली, पण उशिरा. रूपलीबाई नावाच्या डोंगरातल्या बाईने त्याला हाताला धरून झऱ्यावर नेले. तोवर डोळे गेले होते.

मी शर्यत पुरी केली, सगळ्यांत शेवटी. कंपनीने जाहिरात छापली: 'सातपुडा चढली, घोटभर पाणी न मागता.' नोकरीचे विचारायला जसोदाबाई मुंबईपर्यंत गेली, तर मिरची टाकून गाडी बिघडवली म्हणून तिलाच दरडावून परत पाठवले.

पुढे मला नंदुरबारच्या बन्सीलाल व्यापाऱ्याने विकत घेतले आणि मिरचीची पोती वाहायला लावले. इंजिन फुटले तेव्हा त्याने मला इथे टाकून दिले.

परवा बाजाराच्या दिवशी जसोदाबाई भिलाला घेऊन आली. सावली पाहून तिने त्याला माझ्याजवळ बसवले. तो चाचपडत टेकू शोधत होता. त्याचा हात माझ्या पेटीच्या झाकणावर पडला आणि चटका बसावा तसा मागे आला.

"बठा," जसोदाबाई म्हणाली. "ती कवयनी थंडी व्हयेल शे." खरेच, मी केव्हाचीच थंड झाले होते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मोटारी चालवाल. एखाद्या चढावर तुमच्याजवळ एकच छागल उरली, तर ते पाणी आधी माणसाला द्या. मोटार थांबली तर फक्त शर्यत हरते.