शेवटच्या पानावरचं नाव

तोक्योत, हाराजुकूच्या मागच्या गल्लीत आमचं कपड्यांचं दुकान आहे. नवा टी-शर्ट यायचा असला की पोरं उजाडायच्या आत फुटपाथवर ठाण मांडून बसतात, आणि मी झाडू घेऊन त्यांना हटवते. मी हामुरो. फोन, बिलं आणि चहा माझ्याकडे. मालक कुजिराओका मासिकांतून मुलाखती देतात. प्रत्येक मुलाखतीत गॉगल लावून सांगतात, मला एकदा स्वप्नात कासव दिसलं.

डोंबलाचं स्वप्न. आमच्या कपड्यांवरचं झोपलेलं कासव तोकुमारूनं काढलंय. कासवाखालची अक्षरं, पिशव्या, लेबलं, दारावरची पाटी, सगळं त्याचंच. तो तळघरात बसतो, म्हणून मालकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव मोगुरा ठेवलं. मोगुरा म्हणजे घुशीसारखं जमिनीखाली राहणारं जनावर. मालक कुणालाच खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. मला 'मावशी' म्हणतात, आणि माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान आहेत.

दुकानाला दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी पुस्तक काढायचं ठरवलं. ते रचायचं कामही अर्थात तोकुमारूच्या गळ्यात पडलं. त्याला त्यातून एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्यानं फक्त मला सांगितली. त्याचे वडील गावी, तोक्योपासून लांब कोचीला, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मुलगा तोक्योत कपड्यांच्या घड्या घालतो असं ते गावभर सांगतात, आणि हा घरी गेला की धड बोलत नाहीत. ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीत त्याला पुस्तक घरी न्यायचं होतं, आपलं नाव छापलेलं.

मी म्हटलं, मग सांगा ना मालकांना. तर म्हणे, स्वतःहून कसं मागायचं? आमच्याकडे ही पद्धतच आहे, दुसऱ्यानं विचारल्याशिवाय माणूस आपलं नाव पुढे करत नाही. आणि इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शेवटी त्यानं आभाराच्या पानावर, पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'रचना: तोकुमारू सेत्सुओ' एवढंच टाकलं आणि पान छापखान्यात पाठवून दिलं. मालकांच्या कुत्र्याचं नाव त्याच पानावर वर होतं, चांगलं ठळक.

छापखान्यातून फोन आला. तिथला माणूस म्हणाला, शेवटच्या पानावर डमी मॅटर राहिलंय, काढू का? जागा भरायला म्हणून मनाला येईल ते नाव टाकायचं आणि खरं मॅटर आलं की उडवायचं, हे या धंद्यात रोजचंच. हे नाव त्यांच्याकडे कुणी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्यानं विचारलं. त्याचं काही चुकलं नाही.

मी रिसीव्हरवर हात ठेवला. मालक सोफ्यावर पसरलेले, तोकुमारू त्यांच्यासमोर रंगांचे नमुने धरून उभा.

"शेवटच्या पानावर तोकुमारू सेत्सुओ असं नाव आहे," मी म्हटलं. "ठेवायचं की काढायचं?"

"हा कोण?" मालक म्हणाले, आणि त्याच्याकडे वळले. "मोगुरा, तू टाकलंस का रे?"

आता तरी तोंड उघड मेल्या, मी मनात म्हटलं.

तोकुमारूनं नमुने नीट एकावर एक ठेवले. "डमी आहे," तो म्हणाला. "राहून गेलं. काढायला सांगा."

मी सांगितलं. माझं डोकं इतकं फिरलं होतं की त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

पुस्तक आलं, रांगा लागल्या, संपलं. एका मासिकानं शेवटच्या पानाच्या तळाशी सोडलेल्या मोकळ्या जागेचं फार कौतुक केलं. मालकांनी सांगितलं, मला पहिल्यापासून शांतता आवडते. तोकुमारू पुस्तक घेऊन गावी गेला आणि परत येऊन तळघरात उतरला. कसं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि त्याचं तोंड बघून मलाही विचारवेना.

मग एके दुपारी कोचीहून फोन आला. म्हाताऱ्याचा आवाज. पुस्तकावर हा नंबर होता म्हणाला.

"यात माझ्या मुलाचं नाव कुठं आहे? चष्मा बदलून पाहिलं, सापडत नाही. तो म्हणतो, हे मी केलंय. खोटं बोलतोय का?"

मालक समोरच बसले होते. मी मुद्दाम आवाज चढवला.

"आजोबा, कुठलंही पान उघडा. दिसतंय ते सगळं त्यानं केलंय."

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग म्हातारा म्हणाला, अक्षरांमध्ये जागा सोडलीय ती आमच्या घरातली, मी पाट्यांवर सोडायचो तशी वाटली होती, पण उगाच वाटतंय म्हटलं. नवीन वर्षाला त्याला लवकर यायला सांगा. आणि फोन ठेवला. माझे डोळे भरून आले, त्याचाही मला राग आला.

"कोण होतं?" मालकांनी विचारलं.

"तोकुमारूचे वडील."

"कोण तोकुमारू?"

"तुमच्या छातीवर कासव झोपलंय ना, ते ज्यानं काढलं तो."

मालकांनी मान खाली घालून आपल्या टी-शर्टाकडे पाहिलं.

"मोगुरा?" ते म्हणाले. "त्याला वडील आहेत?"