परतीची तार

वायरमनने जिन्यातल्या दिव्याच्या बटणाची पेटी उघडली आणि आतल्या तारेला पेचकसाचं टोक हलकेच लावलं. तारेवरचं रबर वाळक्या सालीसारखं गळून थोरलीच्या पायाशी पडलं.

"लांब राहा, काकू. ही तार माझ्यापेक्षा वडील आहे."

"मग मान ठेव तिचा."

"मान ठेवायला गेलो तर घर पेटवेल ही."

बटण हाताला गरम लागत होतं, जळका वास येत होता, म्हणून थोरलीने त्याला बोलावलं होतं. त्या एका दिव्याला दोन बटणं होती. एक खाली तिच्या दाराशी, दुसरं वर धाकट्या जावेच्या दाराशी. कुठूनही लावावा, कुठूनही मालवावा. दोघींचे नवरे गेले, मग घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द वाढला आणि जावाजावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मात्र तिन्हीसांजेला थोरली खालून दिवा लावी आणि निजताना धाकटी वरून मालवी. जिन्यात अंधार झाला की थोरली कूस बदलून डोळे मिटे. एरवी दिवसभर तिच्याकडे कुणी फिरकत नसे.

"माणूस आलं की आपोआप लागणारा दिवा बसवतो," वायरमन म्हणाला. "बटणांची कटकटच नको."

थोरलीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"कटकट होते असं कोण म्हणालं तुला?"

"बरं बाई, दोन बटणंच ठेवतो. पण आधी वरचं मेन बंद करायला सांगा."

"माझं केलंय की बंद."

"तेवढ्याने भागत नाही. जुन्या कारागिराने तार वाचवलीय. करंट येतो तुमच्या घरातून आणि परत जातो त्यांच्या घरातून. एकाच घरचं मेन पाडून हात घातला, तर उद्या तुम्ही माझ्या बायकोला भेटायला याल."

"मग तूच जा वर."

"जाऊन आलो. दार किलकिलं करून म्हणाल्या, खालच्यांनी सांगितलं तर करीन."

थोरलीने पदर कमरेला खोचला. मग कठडा धरून एकेक पायरी चढू लागली. दार वाजवावं लागलं नाही. धाकटी दारातच होती. तिचे केस पार पांढरे झाले होते.

"मेन बंद करायचंय. तार जळतेय."

धाकटीने टाचा उंचावून खटका खाली ओढला. पंखा फिरत फिरत थांबला.

"परवा दिवा उशिरा लागला," ती पंख्याकडे बघत म्हणाली.

"ताप होता. डोळा लागला माझा."

"अर्ध्या जिन्यापर्यंत आले होते मी."

"मग?"

"मग लागला."

खाली हातोडीचे ठोके सुरू झाले. धाकटीने खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलून पलंगावर टाकले. खुर्ची मोकळी झाली, तरी ती 'बसा' म्हणाली नाही. थोरली आपणहून बसली.

बऱ्याच वेळाने हाक आली.

"काकू, खालचं झालं. वरचं बटण बदलायला येतो आता."

धाकटीने ढिगातून चादर ओढली आणि तिची दोन टोकं थोरलीपुढे धरली. थोरलीने उठून ती हातात घेतली.

"जरा थांब रे," तिने खाली सांगितलं.